ब्रिटनचे 'वॉर रेक्विएम' : ही प्रार्थना आहे की प्रार्थनेवरचा आक्षेप?

परिघावरून :

बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचे 'वॉर रेक्विएम' मी सध्या संहिता समोर ठेवून ऐकतो आहे. तीन एकल गायक, मोठा गायकवृंद, मुलांचा वेगळा गायकवृंद, पूर्ण वाद्यवृंद आणि शिवाय बारा वादकांचा एक लहान वाद्यवृंद असा त्याचा पसारा आहे आणि ते साधारण ऐंशी ते पंचाऐंशी मिनिटे चालते. मृतांसाठीच्या मिस्सेची (कॅथलिक उपासनाविधीची) लॅटिन संहिता आणि पहिल्या महायुद्धात मारला गेलेला कवी विल्फ्रेड ओवेन याच्या नऊ इंग्रजी कविता त्यात एकमेकींत गुंफलेल्या आहेत, एवढे कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळते. माझी अडचण त्याच्या पुढची आहे.

रेक्विएम म्हणजे मृतांना चिरविश्रांती मिळावी अशी देवाकडे केलेली याचना. पहिल्याच भागात गायकवृंद घंटांच्या नादावर ती याचना करतो, मुलांचे आवाज दुरून एक स्तोत्र गातात, आणि हे सगळे विरते न विरते तोच टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा एकल गायक, उठून विचारतो की गुरांसारख्या मरणाऱ्यांसाठी कसल्या घंटा वाजवता? त्यांच्यासाठी प्रार्थना आणि घंटा ही निव्वळ थट्टा आहे, असे ती कविता जवळजवळ उघडपणे म्हणते. म्हणजे ज्या विधीसाठी सगळे जमले आहेत, तो विधी तिथल्या तिथे खोटा पाडला जातो आणि तरीही सर्वांत शेवटी सगळे मिळून 'आमेन' म्हणतात.

या कृतीला धार्मिक संगीत म्हणावे का, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा असा, की तो अखेरचा 'आमेन' अतिशय मधुर असूनही ऐकल्यावर मला समाधान वाटत नाही. काहीतरी मिटवून टाकल्यासारखे वाटते, मिटल्यासारखे वाटत नाही. हे माझ्या कानाचे अपुरेपण आहे की संगीतातच तशी योजना आहे? मी हिंदुस्थानी संगीत ऐकणारा आहे, पाश्चात्य स्वरलिपी मला वाचता येत नाही, तेव्हा जाणकारांनी उत्तर त्या बेताने द्यावे ही विनंती.

मंद्रसाधक :

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर तुम्हाला स्वतःच्या कानाने पडताळून पाहता येईल.

ज्या घंटा तुम्ही ऐकता त्या दोनच स्वरांवर वाजतात, सी आणि एफ शार्प. सीला षड्ज धरले तर एफ शार्प हा तीव्र मध्यम. आपल्या कानाला तीव्र मध्यम अनोळखी नाही, पण यमनात तो पंचमाच्या आसऱ्याने उभा असतो आणि त्याची ओढ कुठे आहे हे ऐकणाऱ्याला सतत कळत असते. इथे पंचम नाही, निषाद नाही, आरोह-अवरोह नाही. नुसता षड्ज आणि नुसता तीव्र मध्यम एकमेकांसमोर ठेवलेले आहेत. त्यातही सप्तकाचे बारा भाग केले तर हा स्वर बरोबर सहाव्यावर, म्हणजे खालच्या आणि वरच्या षड्जाच्या अगदी मधोमध येतो. त्यामुळे दोघांपैकी आधारस्वर कोणता याचा निवाडा कानाला करता येत नाही. पहिल्या भागात गायकवृंदही याच दोन स्वरांना धरून पुटपुटल्यासारखा गातो आणि खालून वाद्यवृंद अडखळत चालतो.

मग भागाच्या अखेरीस 'किरिए एलेइसन', म्हणजे प्रभो, दया कर, हे शब्द येतात. वाद्ये थांबतात, गायकवृंद अत्यंत हलक्या आवाजात गातो आणि शेवटच्या स्वरसमूहावर येताना तीव्र मध्यम अर्ध्या स्वराने उतरून शुद्ध मध्यम होतो. ज्याला पाश्चात्य संगीतात एफ मेजर म्हणतात तो स्वरसमूह असा तयार होतो. आता गंमत पाहा. सी हा स्वर जागचा हललेला नाही, पण नव्या स्वरसमूहाचा आधार एफ झाल्यामुळे तोच सी आता त्याचा पंचम ठरला. संवाद साधला गेला खरा, पण त्यासाठी षड्जच बदलावा लागला. ज्या दोन स्वरांचे भांडण होते त्यांच्यात समेट झालेला नाही. एकाला माघार घ्यायला लावली आणि दुसऱ्याचे स्थान बदलले.

हीच जागा संपूर्ण कृतीत तीनदा येते. पहिल्या भागाच्या शेवटी, 'दिएस इरे' (क्रोधाचा दिवस) या दुसऱ्या आणि सर्वांत लांब भागाच्या शेवटी, आणि अगदी अखेरच्या 'आमेन'वर. तिन्ही वेळा ती जवळजवळ जशीच्या तशी येते, मध्ये कितीही उलथापालथ झालेली असो. आधीच्या संगीतातून ती उगवत नाही, वरून आणून ठेवल्यासारखी वाटते. तुम्ही 'मिटवून टाकल्यासारखे' म्हणता ते म्हणूनच मला अचूक वाटते. तुमच्या कानात खोट नाही.

याच दोन स्वरांचा आणखी एक वापर सांगतो, कारण तो सहज निसटतो. पाचवा भाग, 'अग्नुस देई', हा वरवर सगळ्यांत शांत आणि सगळ्यांत आटोपशीर. त्यात तंतुवाद्ये पाच स्वर खाली उतरतात आणि पाच स्वर वर चढतात, पुन्हा खाली, पुन्हा वर, पाच मात्रांच्या हिशोबात. उतरणारी ओळ एफ शार्पवरून सुरू होते आणि चढणारी सीवरून. म्हणजे देवाच्या कोकराला आळवतानासुद्धा पायाखाली तेच भांडण चालू आहे, फक्त त्याला पाळण्याची लय दिली आहे.

खर्जातला :

मी हे गायकवृंदात उभे राहून गायिलेले आहे, म्हणून मंद्रसाधक यांच्या विवेचनाला एक पुरवणी जोडतो. घंटेच्या नादातून स्वर उचलणे हे ऐकायला सोपे वाटते, प्रत्यक्षात फार अवघड असते. वाद्यवृंदातली नळीची घंटा एकच स्वच्छ स्वर देत नाही. तिच्या नादात मूळ स्वराशी नीट न जुळणारे वरचे अनेक नाद मिसळलेले असतात आणि जवळ उभे राहिले तर तेच अधिक ऐकू येतात. त्यातच कंठाला लागलेली सवय आडवी येते. षड्ज धरलेला असताना गळा आपोआप शुद्ध मध्यमाकडे तरी घसरतो किंवा पंचमाकडे तरी चढतो, आणि मधला तो स्वर तसूभर उंच किंवा तसूभर खाली जातो. तालमीत आमचे दोन तट करून एकाला सी आणि दुसऱ्याला एफ शार्प नुसता धरून ठेवायला लावत असत, आवाजात अजिबात कंप न आणता, श्वास चोरून आळीपाळीने घेत, आणि कुणी जरा ढळला की संचालक हात वर करून सगळ्यांना थांबवत. हे कंटाळवाणे काम होते. पण त्यानंतर त्या शेवटच्या स्वरसमूहावर उतरताना जे वाटते ते समाधान नसून सुटका असते, आणि माझ्या मते श्रोत्यापर्यंतही तेच पोहोचते.

दुसरे असे की या कृतीत तीन थर आहेत आणि ते केवळ संहितेत नाहीत, जागेतही आहेत. मुले बहुधा श्रोत्यांच्या नजरेआड, दूर कुठेतरी, ऑर्गनच्या साथीने गातात आणि त्यांच्या आवाजाला दुःखाचा स्पर्शच नसतो. मोठा गायकवृंद, पूर्ण वाद्यवृंद आणि सोप्रानो (उंच आवाजाची एकल गायिका) हा विधीचा थर. तो फक्त लॅटिनमध्ये बोलतो. टेनर, बॅरिटोन (मध्यम पुरुषी आवाजाचा गायक) आणि लहान वाद्यवृंद हा खंदकातला थर. तो इंग्रजीत बोलतो. आम्ही गायकवृंदातले लोक त्या दोन सैनिकांचे जवळजवळ काहीच 'ऐकत' नाही, म्हणजे आमच्या संगीतात त्यांना उत्तर नसते. ते मरणाबद्दल बोलत असतात आणि आम्ही पाने उलटत पुढच्या लॅटिन ओळीची वाट पाहत उभे असतो. पहिल्यांदा हे लक्षात आले तेव्हा मला अवघडल्यासारखे झाले होते. विधी हा असाच बहिरा असतो, हे दाखवायचे असेल तर याहून परिणामकारक मांडणी मला सुचत नाही.

'दिएस इरे' गाताना सात मात्रांचा ताल असतो आणि शब्द तुटक, मध्ये श्वासाइतकी फट ठेवून म्हणायचे असतात. त्याची धडकी मोठ्याने गाण्यात नाही, हळू गाण्यात आहे. याउलट 'सांक्तुस'मध्ये एका ठिकाणी प्रत्येकाने ठरलेल्या स्वरावर पण आपापल्या गतीने एकच ओळ पुटपुटत राहायचे असते. खालच्या आवाजांपासून सुरू होऊन ते मोहोळ उठल्यासारखे वर चढत जाते. तिथे कुणीही कुणाशी जुळवून घ्यायचे नाही अशी सूचना ऐकून आमच्यातल्या अनेक शिस्तप्रिय मंडळींची झोप उडाली होती.

ओसरी :

पहिला प्रश्न अजून कोणी हाताळलेला नाही, तेव्हा तो मी घेतो. माझे मत आधीच सांगून टाकतो : ही कृती पूर्णपणे धार्मिक आहे, आणि ती तशी आहे याचे कारण तिच्यातला आक्षेप हेच आहे.

प्रथम जागा आणि प्रसंग. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरावर बॉम्बवर्षाव केला आणि तिथले मध्ययुगीन कॅथेड्रल जळून गेले. युद्धानंतर वास्तुविशारद बेसिल स्पेन्स यांनी त्या भग्न भिंती तशाच ठेवून त्यांना लागून नवी वास्तू उभी केली. तिचा अभिषेक २५ मे १९६२ रोजी झाला आणि पाचच दिवसांनी, ३० मे रोजी, त्या निमित्ताने भरलेल्या महोत्सवात ही कृती प्रथम सादर झाली. हे अँग्लिकन पंथाचे मंदिर, तिथे कॅथलिकांची लॅटिन मिस्सा, आणि ती लिहिणारा संगीतकार असा, की ज्याने दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला सदसद्विवेकाच्या आधारे नकार दिला होता. चर्चने अशा माणसाला बोलावले आणि त्याला हवी ती संहिता घेऊ दिली, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आता 'ऑफर्तोरियुम' या तिसऱ्या भागाकडे पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. लॅटिन संहितेत देवाला त्याच्या वचनाची आठवण करून दिली जाते : हे वचन तू अब्राहामाला आणि त्याच्या संततीला दिले होतेस. गायकवृंद ही ओळ फ्यूगच्या रचनेत गातो; एक आवाज विषय मांडतो, दुसरा तो उचलतो, तिसरा त्यात मिसळतो, आणि सगळे मोठ्या उत्साहात, जवळजवळ फुशारकीने, पुढे सरकते. त्यावर ओवेनची कविता येते. अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगरावर निघतो, लाकडे आणि सुरी सोबत आहेत, आणि देवदूत त्याला थांबवतो. हे देवदूताचे बोलणे टेनर आणि बॅरिटोन दोघे एकत्र गातात. ब्रिटन यांनी १९५२ मध्ये याच कथेवर एक छोटी गायनकृती रचली होती, तिथेही देवाची वाणी त्यांनी दोन आवाजांच्या मेळातून काढली होती आणि इथे त्याच कृतीतले संगीत त्यांनी पुन्हा हाती घेतले आहे. बायबलमध्ये अब्राहाम ऐकतो आणि मुलाच्या जागी एडका बळी जातो. ओवेनच्या कवितेत देवदूत गर्वाच्या एडक्याचा बळी द्यायला सांगतो, पण म्हातारा ऐकत नाही. तो मुलाला मारतो, आणि युरोपच्या अर्ध्या संततीला मारतो, एकेकाला करून.

यानंतर जे घडते ते मला सबंध कृतीतले सर्वांत भयंकर वाटते. 'एकेकाला करून' हे शब्द दोन्ही गायक पुन्हा पुन्हा, तुटक तुटक म्हणत असतात, आणि त्याच वेळी दुरून मुले निर्मळ आवाजात गातात की हे प्रभू, आम्ही तुला बळी आणि प्रार्थना अर्पण करतो. कोण कोणाला अर्पण करते आहे? मग तोच फ्यूग परत येतो, पण आता अगदी दबक्या आवाजात आणि उलटा करून. विषयात जिथे स्वर चढत होते तिथे आता ते उतरतात. संगीतशास्त्रात ही एक जुनी, सर्वमान्य युक्ती आहे. इथे तिने वचनच पालथे घातले आहे.

हा देवावरचा आक्षेप आहे का? मला वाटते तो म्हाताऱ्यावरचा आक्षेप आहे, आणि देवदूताचे म्हणणे त्याने धुडकावले याबद्दलचा आहे. पुढे 'अग्नुस देई'मध्ये ओवेनची जी कविता येते ती याला पुष्टी देते. रणभूमीजवळच्या रस्त्यावर ख्रिस्ताची वधस्तंभावरची मूर्ती आहे आणि गोळाबारात तिचा एक अवयव उडाला आहे. शिष्य लपून बसले आहेत, आता त्याच्यासोबत आहेत ते फक्त सैनिक. पुरोहित मात्र गर्वाने मिरवत येतात आणि शास्त्री राष्ट्रनिष्ठेची घोषणा करतात. ओवेन तरुणपणी एका खेडेगावात धर्मगुरूचा मदतनीस म्हणून राहिला होता आणि तिथून निराश होऊन बाहेर पडला होता, हे लक्षात घेतले की ही कविता ख्रिस्ताच्या विरोधात नसून त्याच्या वतीने लिहिलेली आहे हे कळते. देवाशी भांडणे ही स्तोत्रसंहिता आणि ईयोबाचे पुस्तक वाचणाऱ्याला नवी गोष्ट नाही, आणि आपल्या अभंगवाचकांना तर मुळीच नाही.

त्या भागाच्या अखेरीस टेनर वर चढत जाणाऱ्या स्वरांत 'दोना नोबिस पाचेम', म्हणजे आम्हाला शांती दे, असे गातो. दोन सैनिकांपैकी कोणीही लॅटिन शब्द उच्चारण्याची संपूर्ण कृतीतली ही एकमेव वेळ. ही कल्पना टेनर पीटर पिअर्स यांची. आणि विशेष असे की ही ओळ मृतांसाठीच्या मिस्सेत नाहीच. तिथे 'त्यांना विश्रांती दे' असे असते. 'आम्हाला शांती दे' हे नेहमीच्या मिस्सेतले शब्द आहेत. खंदकातला माणूस विधीच्या भाषेत पाऊल टाकतो आणि मेलेल्यांसाठी नव्हे तर जगणाऱ्यांसाठी मागणे मागतो. परिघावरून, तुम्ही शेवटच्या 'आमेन'मध्ये प्रार्थना शोधता आहात. माझ्या मते ती या एका ओळीत आहे.

उलटतपासणी :

ओसरी यांचे विवेचन आवडले, पण या कृतीभोवती जी आदराची दाट चादर घातली जाते ती थोडी बाजूला सारावी असे मला वाटते. प्रथम प्रयोगानंतर इंग्रजी वृत्तपत्रांनी इतकी एकमुखी स्तुती केली की स्ट्राविन्स्कीसारख्या ज्येष्ठ संगीतकाराने त्या स्तुतीचीच टर उडवली. त्यामागे असूया नव्हती असे मी म्हणणार नाही, तरी शंका रास्त होती.

माझे दोन आक्षेप आहेत. शेवटच्या भागात ओवेनची जी कविता आहे तिच्यात एक सैनिक युद्धातून निसटून एका खोल भुयारात पोहोचतो आणि तिथे त्याला एक मृत सैनिक भेटतो, ज्याला त्यानेच आदल्या दिवशी मारलेले असते. मूळ कवितेत निवेदक त्या मृताच्या हास्यावरून ओळखतो की आपण नरकात उभे आहोत. ब्रिटन यांनी नेमक्या याच ओळी वगळल्या आहेत. त्यामुळे 'चल, आता झोपू या' हे कवितेतले शेवटचे शब्द, जे मुळात नरकातले आणि म्हणून अतिशय कडवट आहेत, ते इथे अंगाई होतात. मुले 'इन पॅरादिसुम' (स्वर्गात) गातात, गायकवृंद येऊन मिळतो, सोप्रानो वर तरंगते, आणि श्रोत्याचे डोळे भरून येतात. नरकाचा पत्ता खोडल्यावर स्वर्गात पोहोचणे अवघड नसते.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. त्या नोव्हेंबरच्या रात्री कॉव्हेंट्रीत पाचशेहून अधिक माणसे मेली आणि ती सैनिक नव्हती. घरात, तळघरात, रस्त्यात मेलेली सामान्य माणसे होती. पुढे जर्मनीच्या शहरांवर ब्रिटिश विमानांनी जे केले तेही खंदकातले युद्ध नव्हते. ब्रिटन यांना याची कल्पना नव्हती असे नाही. १९४५ मध्ये त्यांनी व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांच्यासोबत बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीतून वाचलेल्यांसमोर वादन केले होते. तरीही या वास्तूसाठी लिहिताना त्यांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या कविता निवडल्या. शत्रू हा माझ्यासारखाच एक माणूस होता आणि आम्ही समोरासमोर भेटलो, ही ओवेनची करुणा खरीच आहे, पण ज्या मरणाने ते कॅथेड्रल पडले त्यात कोणी कोणाला भेटलेच नव्हते. ज्यांच्यासाठी घंटा वाजवायच्या होत्या ती माणसे या संहितेत कुठे आहेत?

मंद्रसाधक :

उलटतपासणी यांचा दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणतो, की ब्रिटन यांनी ही कृती ज्या चार मित्रांना अर्पण केली त्यांच्यातले तिघे दुसऱ्या युद्धात गेले, तर चौथा त्या युद्धात जखमी होऊन युद्धकैदी झाला, नंतर परतला आणि १९५९ मध्ये त्याने आत्महत्या केली. तेव्हा ओवेनच्या आडून ते आपल्याच पिढीबद्दल बोलत होते. पण ही पिढीही सैनिकांचीच, हे मान्य.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. शब्दांतून नरक वगळला, संगीतातून वगळलेला नाही. त्या भागाची सुरुवात ढोलाच्या मंद कुचावर होते, ती चढत चढत 'दिएस इरे'च्या संगीतावर येऊन आदळते आणि ऑर्गनसह सगळा ताफा एका प्रचंड स्वरसमूहात कोसळतो. त्याच्या मलब्यातून टेनरचा आवाज येतो, जवळजवळ बिनसाथीचा. मृत सैनिकाचे बोलणे, म्हणजे मित्रा, तू ज्याला मारलेस तो शत्रू मीच, हे बॅरिटोन ज्या कोरडेपणाने म्हणतो त्यात अंगाईचा लवलेश नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : ती अंगाई पूर्ण होऊ दिलेली नाही. सगळे एकत्र गात असताना घंटा पुन्हा वाजतात, तेच सी आणि एफ शार्प, आणि मुले पुन्हा 'रेक्विएम एतेर्नम' म्हणत मध्ये येतात. असे एकदा नव्हे, दोनदा होते. झोपू पाहणाऱ्यांना कोणीतरी खांद्याला धरून हलवावे तसे. त्यानंतरच गायकवृंद ती तिसरी आणि शेवटची उतरण घेतो. परिघावरून यांचे समाधान झाले नाही ते यामुळे.

परिघावरून :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'दोना नोबिस पाचेम' आणि मृतांच्या मिस्सेतील ओळ यांतला भेद मला मुळीच ठाऊक नव्हता. तेवढ्यासाठी पाचवा भाग पुन्हा ऐकला आणि तो टेनरचा चढ आता वेगळाच लागला. उलटतपासणी यांच्या आक्षेपावर अधिक विचार करावा लागेल. सध्या एक व्यावहारिक शंका : मी ऐकतो आहे ते ध्वनिमुद्रण अलीकडचे आहे आणि त्यात खर्जातला म्हणतात ते तीन थर जागेच्या अंगाने वेगळे होत नाहीत, मुलेही गायकवृंदाच्या शेजारीच उभी असल्यासारखी वाटतात. संगीतकाराने स्वतः संचालन केलेले ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे का, आणि ते ऐकण्याजोगे आहे का?

खर्जातला :

आहे, आणि पहिल्यांदा तेच ऐकायला हवे. जानेवारी १९६३ मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये डेका कंपनीसाठी ते झाले. संचालक स्वतः ब्रिटन, निर्माते जॉन कल्शॉ, वाद्यवृंद लंडन सिंफनीचा. स्टिरिओ तेव्हा नवे होते आणि या मंडळींनी त्याचा उपयोग चमत्कृतीसाठी न करता अंतर दाखवण्यासाठी केला. मुले खरोखर लांब आहेत आणि दोन्ही सैनिक श्रोत्याच्या अगदी जवळ. गंभीर आधुनिक संगीताची मोठी तबकडी असूनही पहिल्या पाच महिन्यांत तिच्या दोन लाखांहून अधिक प्रती गेल्या.

या ध्वनिमुद्रणाचे आणखी एक महत्त्व आहे. ब्रिटन यांनी तीन एकल गायक मनात योजले होते ते तीन देशांचे : इंग्रज टेनर पीटर पिअर्स, जर्मन बॅरिटोन डीट्रिश फिशर-डिस्काऊ आणि रशियन सोप्रानो गालिना विश्नेव्हस्काया. फिशर-डिस्काऊ स्वतः जर्मन सैन्यात होते आणि युद्धाच्या अखेरीस इटलीत अमेरिकनांचे युद्धकैदी झाले होते. तू मारलेला शत्रू मीच, हे शब्द इंग्रज टेनरसमोर एका जर्मनाने गाणे ही योजना त्यामुळे नुसती प्रतीकात्मक नव्हती. कॉव्हेंट्रीच्या प्रयोगासाठी मात्र सोव्हिएत सरकारने विश्नेव्हस्काया यांना परवानगी नाकारली आणि उत्तर आयर्लंडच्या हेदर हार्पर यांनी जेमतेम दहा दिवसांत ती अवघड भूमिका तयार करून गायिली. तिथे मोठ्या वाद्यवृंदाचे संचालन मेरेडिथ डेव्हिस यांनी केले आणि लहान वाद्यवृंदाचे ब्रिटन यांनी. तिन्ही देशांचे गायक एकत्र आले ते या ध्वनिमुद्रणात. विश्नेव्हस्काया आल्या, पण आपल्याला त्या दोघांपासून दूर, गायकवृंदाच्या बाजूला उभे केले हे पाहून अपमान झाला असे समजून भयंकर संतापल्या. त्यांची जागा तिथेच आहे, कारण त्या विधीच्या थरातल्या आहेत, हे पटवून देताना निर्मात्यांच्या नाकी नऊ आले. ऐकताना मात्र त्या रागाचा फायदाच झाल्यासारखा वाटतो; 'लिबेर स्क्रिप्तुस'मध्ये त्या न्यायनिवाड्याचे पुस्तक उघडतात तेव्हा दया मागायची सोय उरत नाही.

पिअर्स यांचा आवाज सर्वांना रुचतो असे नाही, नाकातून आल्यासारखा वाटतो अशी तक्रार जुनी आहे. तो अगदीच सहन होत नसेल तर सायमन रॅटल यांनी बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदासह १९८० च्या दशकात केलेले ध्वनिमुद्रण घ्यावे. तिथे टेनर रॉबर्ट टिअर आहेत. पण आधी १९६३ चे. त्यात तिसऱ्या भागापासून सुरुवात करा, फ्यूग पहिल्यांदा येतो तो आणि शेवटी उलटा होऊन येतो तो, असे दोन्ही लागोपाठ ऐका, आणि मग पहिल्या भागाकडे या. ओसरी यांनी सांगितलेली मुलांची ती ओळ किती दुरून येते ते हेडफोन लावून ऐकलेत तर अधिक कळेल.